दोमियेचा ऑम्निबस पुठ्ठ्यावरून सोडवताना: कामाच्या नोंदी

शनिवार, ११ जानेवारी २०२५

पॅरिसमधल्या वाँवच्या जुन्या बाजारातून फ्रेमसकट उचललं. विकणाऱ्याने ५५ युरो सांगितले होते, तडकलेली काच दाखवल्यावर ४० वर आला. फ्रेंच व्यंगचित्रकार ओनोरे दोमियेचं शिळाछापाचं (लिथोग्राफ) चित्र, 'तीप पारिझियाँ' म्हणजे पॅरिसमधल्या नमुनेदार माणसांच्या मालिकेतलं, साल १८३९. घोड्यांच्या ऑम्निबसमध्ये एक बाई बसलीय. एका बाजूला दारुड्या, दुसऱ्या बाजूला डुकराचं मांस विकणारा खाटीक. खालच्या ओळीतही तेवढंच लिहिलंय: ऑम्निबसच्या आत, एक दारुड्या आणि एक खाटीक यांच्या मध्ये. पुढचं सगळं बाईचा चेहरा सांगतो.

फ्रेम उघडल्यावर दिसलेली अवस्था: पान पूर्णच्या पूर्ण तपकिरी पुठ्ठ्यावर डकवलेलं. समोरच्या, मधोमध खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याची कड जिथे टेकत होती तिथे चारही बाजूंनी करपल्यासारखी पट्टी. समासात तांबूस ठिपके. वरच्या कडेला जुनी चिकटपट्टी, तिचा डिंक कागदात मुरलेला. खालच्या समासात सुमारे ४ सेंटीमीटरची चीर, मजकुराच्या ओळीच्या जेमतेम अलीकडे थांबलेली.

करायचं काय, ते आधीच ठरवून टाकते: पुठ्ठा काढायचा, आम्ल धुऊन काढायचं, चीर जोडायची, नीट माउंट करायचं. पान पांढरंशुभ्र करायचं नाही. हे बहुधा वर्तमानपत्राचं पान आहे आणि शेवटी ते वर्तमानपत्राचं पानच दिसलं पाहिजे.

रविवार, १२ जानेवारी

हात लावण्याआधी खात्री. १० पट मोठं दिसणारं भिंग घेऊन खिडकीपाशी बसले. नंतरची नक्कल असती तर करड्या भागात एका मापाच्या ठिपक्यांची जाळी दिसली असती. इथे तशी जाळी नाही. बाईच्या कपड्यांवरचा करडा रंग वेड्यावाकड्या कणांचा आहे, कुठे दाट, कुठे तुटक. दगडाच्या खरखरीत पाठीवर मेणचट खडू फिरला की असाच कण उठतो. अगदी काळ्या जागी कण एकमेकांत मिसळून गेलेत. तिथे खडूवर जोर दिलेला असणार.

दुसरा प्रश्न, हे वर्तमानपत्रातलं पान की पांढऱ्या कागदावरची वेगळी प्रत? 'ल शारिवारी' हे शार्ल फिलिपाँचं दैनिक, १ डिसेंबर १८३२ ला सुरू झालं. चार पानं आणि रोज एक नवं चित्र असा त्याचा वायदा. चित्र तिसऱ्या पानावर यायचं, त्यामुळे त्याच्या पाठीवर चौथं पान छापलेलं असतं. याच चित्रांच्या काही प्रती जाड पांढऱ्या कागदावर, पाठ कोरी ठेवून, संग्राहकांसाठी काढत. बाजारात त्यांना बराच जास्त भाव येतो. माझं पान पुठ्ठ्यावर चिकटलेलं, पाठ दिसणार कशी? खोलीत अंधार करून टॉर्च कागदाला समांतर धरली. कोऱ्या समासात उलट्या अक्षरांच्या रांगा अंधुक उमटलेल्या दिसल्या. म्हणजे वर्तमानपत्रातलं. भाव कमी असेना का, मला हेच हवं होतं.

'ल शारिवारी'चे जुने अंक गालिकावर (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह) आणि हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. दोमियेच्या चित्रांची क्रमवार यादी 'दोमिये रजिस्टर'मध्ये आहे. आपलं पान या दोन्हींशी ताडून बघा, मग पैसे द्या. (मी पैसे आधी दिले. चाळीसच होते म्हणून.)

विकत घेणाऱ्यांसाठी आणखी दोन खुणा. काही पानांवर गोल शिक्का असतो. ती घाण नव्हे, वर्तमानपत्रांवरच्या कराचा शिक्का आहे. हा कर १८४८ मध्ये उठला, १८५० मध्ये परत आला आणि १८७० मध्ये गेला, त्यामुळे शिक्का काळ ठरवायला उपयोगी पडतो. त्याला खोडरबर लावू नका. आणि १८७० पासून 'शारिवारी'तली दोमियेची चित्रं दगडावरून न छापता जिलो पद्धतीने, धातूच्या उठावाच्या ठशावरून छापली जाऊ लागली. तिथे खडूचा मऊ कण शोधू नका, सापडणार नाही.

शनिवार, १८ जानेवारी

कोरडी सफाई. आधी मऊ रुंद ब्रश, मग खोडरबराची भुकटी कापसाच्या बोळ्याने हलकेच गोल गोल. भुकटी राखाडी झाली की झटकायची आणि नवी घ्यायची. चित्राच्या भागात फक्त ब्रश. खडूचा कण कागदाच्या वरच्या धाग्यांवर बसलेला असतो, रबर त्यालाही घेऊन जातो. समासावर दोन तास गेले आणि फरक तसा थोडाच. शंभरेक वर्षांची काजळी एका दुपारीत निघत नाही, आणि निघेपर्यंत घासत बसण्यातही अर्थ नाही.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. पान दाखवलं. "अगं, एवढं पिवळं पडलंय तर लिंबू चोळ की!" म्हणाली. आई, ज्या आम्लाने हे पान पिवळं केलंय तेच तू वर आणखी ओतायला सांगतेयस, असं समजावून सांगितलं. तिला पटलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

पाण्याची चाचणी. शिळाछापाची शाई तेलाची आणि काजळीची असते, पाण्याला दाद देत नाही. तरीही समासातल्या एका अक्षरावर, मग चित्राच्या कोपऱ्यात एकेक थेंब ठेवला, मिनिटभराने टीपकागदाने टिपला. टीपकागद कोरा. चित्र हाताने रंगवलेलं असेल तर प्रत्येक रंगावर ही चाचणी करा. 'शारिवारी'च्या पानांना नंतर कुणीतरी, भाव वाढावा म्हणून, जलरंग फासलेले पुष्कळदा बघायला मिळतात.

चिकटपट्टी: वरचं प्लास्टिक गरम स्पॅट्युला लावताच सुटून आलं. खाली राहिलेला पिवळा गोंद मात्र पाण्याने हलत नाही. क्रेप रबराच्या वडीने एकेक कण गोळा करत वर उचलला. डाग तसाच आहे. तो काढायला सॉल्व्हंट लागतं, आणि घरच्या स्वयंपाकघरात, पुरेशा हवेशिवाय, मी ते करणार नाही. पट्टीची खूण वरच्या समासात राहील. राहू दे.

शनिवार, २५ जानेवारी

आजपासून खरं काम. पान उताणं असताना पुठ्ठा खेचून काढायचा नाही. खेचला की फाटतो तो कागद. पान चित्राकडून खाली, गुळगुळीत न विणलेल्या पॉलिएस्टरवर, त्याखाली टीपकागद. मग पाठीमागून पुठ्ठ्याचे पापुद्रे सुटे करत यायचं. पुठ्ठा थरांचा असतो. बोथट पॅलेट नाईफ आडवी सरकवून एक थर सोडवायचा, आडवाच ओढायचा. वर उचलून ओढलात तर खालच्या पानाला वाक येतो, आणि चीर असलेल्या ठिकाणी तो वाक महागात पडेल.

पुठ्ठा आतून बाहेरच्यापेक्षाही काळा. लाकडाच्या लगद्याचा आहे, पानाच्या कितीतरी नंतरचा. १८३९ चा वर्तमानपत्री कागद मुख्यतः चिंध्यांचा. लाकडाचा लगदा वर्तमानपत्रांत यायला अजून पंचवीस-तीस वर्षं होती. म्हणून हे पान आजही हातात घेऊन वाकवता येतं, आणि आजोबांच्या काळातलं वर्तमानपत्र मात्र कडांनी तुकडे होऊन पडतं. पानाला लागलेली बहुतेक तपकिरी या पुठ्ठ्यातून आलीय. फ्रेम करणाऱ्याने चित्र जपायला म्हणून मागे लावला, आणि तोच त्याला खात बसला.

संध्याकाळपर्यंत पोस्टकार्डाएवढी जाडी उरली. तिथे थांबले. थकलेल्या हाताने शेवटचे थर काढू नयेत.

शनिवार, १ फेब्रुवारी

उरलेल्या थरासाठी मेथिलसेल्युलोजची जेली. भुकटी पाण्यात ४ टक्के, आदल्या रात्री घोटून ठेवलेली. जेली पुठ्ठ्याला पाणी हळूहळू देते, कागद एकदम भिजत नाही. तळहाताएवढ्या भागावर लावायची, वर प्लास्टिकची फिल्म, वीस मिनिटं वाट बघायची, मग स्पॅट्युलाने खरवडायची. गोंद प्राण्यांच्या हाडा-कातड्याचा निघाला. ओला झाल्यावर त्याचा वास येतो, घरच्यांना आधी कल्पना देऊन ठेवा.

एका कोपऱ्यात गोंद जाड होता आणि मी वीस मिनिटांऐवजी दहाच थांबले. गोंदाबरोबर पानाच्या पाठीचा पातळ पापुद्रा निघून आला, नखाएवढा. समोरून काही दिसत नाही, पण दिव्याकडे धरलं की तो भाग उजळ दिसतो. तेव्हापासून घड्याळ लावून काम केलं. पहिल्यांदा न सुटलेल्या जागी दुसऱ्यांदा जेली लावली, नखाने उकरायला गेले नाही.

वीस-वीस मिनिटांच्या या थांबण्यात चित्राबद्दल वाचत होते, त्यातलं थोडं लिहून ठेवते. दोमियेला राजकारणातून बाहेर काढलं ते कायद्याने. 'गारगाँत्युआ' या चित्रात त्याने राजा लुई फिलिपला लोकांचा पैसा गिळणारा राक्षस करून बसवलं होतं. त्याबद्दल १८३२ मध्ये तो तुरुंगात गेला. जुलै १८३५ मध्ये राजावर अनेक नळ्यांच्या बंदुकीसारख्या यंत्राने हल्ला झाला आणि सप्टेंबरमध्ये नवे कायदे आले: छापलेल्या प्रत्येक चित्राला आधी सरकारी परवानगी. चित्रांतून राजा गेला, मग उरलं कोण? घरमालक, भाडेकरू, वकील, नदीत डुंबणारे पोटाळ बाबू आणि ऑम्निबसमधली बाई.

पॅरिसमध्ये ऑम्निबस १८२८ मध्ये सुरू झाल्या. १८३९ मध्ये छतावर बसायची सोय नव्हती, ती १८५० नंतरच्या दशकातली. ज्याच्याकडे भाड्याची नाणी असतील तो आत, समोरासमोरच्या बाकांवर, गुडघ्याला गुडघा लावून. स्वतःची घोडागाडी नसलेली पण खाटकाशेजारी बसायचीही सवय नसलेली माणसं पहिल्यांदाच अशी कोंडली जात होती. चित्रातला विनोद त्या बाकाच्या लांबीत आहे. मुंबईच्या लोकलमध्ये चौथी सीट मागणाऱ्याला हे जास्त सांगायला नको.

रात्री साडेनऊला शेवटचा पुठ्ठा सुटला. पाठीवर चौथं पान: जाहिरातींचे स्तंभ, बारीक टाइप. नखाएवढ्या त्या जागी काही अक्षरं गेली, बाकी वाचता येतात. दिव्याकडे धरलं की बाईच्या टोपीतून जाहिरातीच्या ओळी जातात.

शनिवार, ८ फेब्रुवारी

धुणं. थेट तबकात बुडवायचं नाही असं ठरवलं, कारण ओला कागद पसरतो आणि चीर पाण्यात उघडत जाते. टीपकागदावर धुणं सुरक्षित. काचेवर जाड टीपकागद पाण्याने पूर्ण भिजवून पसरवला, त्यावर पॉलिएस्टर, त्यावर पान. पानावर आधी फवारणीच्या बाटलीने सगळीकडे सारखी धुक्यासारखी फवारणी. कोरडे पट्टे राहिले तर त्यांच्या कडेला नवे डाग पडतात. टीपकागद खालून मळ ओढून घेतो.

पाणी नळाचंच. पॅरिसचं पाणी चुन्याचं, किटलीच्या तळाला पांढरा थर जमतो तेच. चुना आम्लाला मारतो, म्हणून इथे ते कामाचं. फिल्टरचा जग वापरू नका, तो नेमका चुनाच काढून घेतो. पण पाणी घेण्याआधी नळ काही मिनिटं वाहू द्या. जुन्या इमारतीत पाइपातला गंज आला तर कागदावर कायमचे ठिपके पडतात.

पहिला टीपकागद काळ्या चहाच्या रंगाचा झाला. दुसरा पिवळा, तिसरा फिकट. त्यानंतरचे जवळपास कोरे, तिथे थांबले. करपलेली पट्टी फिकी झाली, गेली नाही. ठिपके जवळपास जसेच्या तसे.

ठिपक्यांसाठी ब्लीच करा असं अनेक जण सुचवतात. क्लोरीनचा अंश कागदात राहिला तर तो पुढे वर्षानुवर्षं धागे तोडत राहतो. पेरॉक्साइड घरच्या घरी आवरत नाही. आणि या कागदाचा मूळ रंगही पांढरा नव्हता. फार धुतलेली शारिवारीची पानं मी बाजारात बघितली आहेत: काळा रंग नुसताच काळा उरतो, त्याच्याभोवतीची ऊब जाते. ठिपके ठेवले.

रविवार, ९ फेब्रुवारी

वाळवणं बिघडलं. काल रात्री दोन टीपकागदांमध्ये घालून वर काच आणि पुस्तकं ठेवली होती. सकाळी सपाट दिसलं म्हणून बाहेर काढलं. दुपारपर्यंत चारही कडा लाटांसारख्या उठल्या. कागद हाताला कोरडा लागतो, पण आत ओल असते, आणि खोलीत रेडिएटर चालू असल्यावर कडा आधी वाळतात.

उपाय: मोठ्या प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओला टीपकागद, त्यावर जाळी, जाळीवर पान, झाकण लावून तासभर. कागद मऊ पडला की लगेच कोऱ्या टीपकागदांत आणि त्याबाहेर लोकरी फेल्टमध्ये, वर काच आणि वजन. टीपकागद अर्ध्या तासाने बदलला, मग दोन तासांनी, मग रात्री. आता पुढच्या आठवड्यापर्यंत हात लावायचा नाही. वजन बेताचंच ठेवा, फार दाबलं तर छापलेल्या टाइपाचा पाठीवरचा उठाव सपाट होतो, आणि तो परत येत नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सपाट. उरलेलं काम पुढच्या आठवड्यात.

शनिवार, २२ फेब्रुवारी

चीर. यासाठी खळ लागते, पण गव्हाच्या पिठाची नाही. गव्हाच्या स्टार्चची. पिठातलं ग्लुटेन पिवळं पडतं आणि किड्यांना आवडतं. एक भाग स्टार्च, पाच भाग पाणी, तासभर भिजवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवायची. पांढरं दूध घट्ट होऊन किंचित पारदर्शक झालं की आणखी काही वेळ शिजवायची. इथेच घाई होते. पहिली खळ मी लवकर उतरवली, ती गार झाल्यावर गुठळ्यांची झाली आणि चिकटेना. दुसरी नीट शिजवली, गार करून बारीक गाळणीतून दोनदा काढली. लोण्याइतकी घट्ट हवी, लावताना थोडी पातळ करायची. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकायची.

जोडायला जपानी कोझो कागद. कात्रीने कापायचा नाही. ओल्या ब्रशने रेघ मारून त्या रेघेवर फाडायचा, म्हणजे कडेला धागे सुटे राहतात आणि जोड समोरून उठून दिसत नाही. पट्टी ५ मिलिमीटर रुंद. चिरेच्या दोन्ही कडा फाटताना तिरक्या फाटल्या होत्या, त्यामुळे आधी कुठली कड वर आणि कुठली खाली ते भिंगातून बघून बसवावं लागलं. कड उलटी बसली तर समोर पांढरी रेघ दिसते. खळ पट्टीला, पट्टी पाठीवर, वर पॉलिएस्टर, टीपकागद, छोटं वजन. पट्टीखाली जाहिरातीच्या दोन ओळी आल्यात. कोझो इतका पातळ आहे की त्या तशाच वाचता येतात.

नखाएवढ्या पातळ जागेवरही त्याच कागदाचा एक तुकडा.

शनिवार, ८ मार्च

माउंट. आम्लमुक्त कापसाचा पुठ्ठा, मागे एक, समोर खिडकीचा एक. पान फक्त वरच्या कडेला कोझोच्या दोन बिजागऱ्यांवर टांगलेलं, बाकी तीन बाजू मोकळ्या. दमट दिवसांत कागद फुगतो, त्याला जागा हवी. चारही बाजूंनी डकवून ठेवलेलं पान काही वर्षांत पुन्हा सुरकुततं. खिडकी चित्रापेक्षा बरीच मोठी कापली, म्हणजे मालिकेचं नाव, मजकुराची ओळ आणि प्रकाशकाचा बारीक मजकूर, सगळं दिसतं. दुकानात मिळणाऱ्या तयार माउंटमध्ये हे सगळं झाकलं जातं. प्रकाशकाचा पत्ता झाकू नका: ओबेरचं दुकान आधी गालरी वेरो-दोदामध्ये होतं, नंतर प्लास द ला बूर्सवर गेलं, त्यामुळे पत्त्यावरूनही पानाचा काळ कळतो. हा ओबेर फिलिपाँचा मेव्हणा. छापायचं, विकायचं आणि खिडकीत टांगून रस्त्यावरच्यांना हसवायचं, सगळं घरातल्या घरात.

फ्रेम जुनीच, काच नवी, अतिनील किरण अडवणारी. खिडकीच्या समोरच्या नव्हे, बाजूच्या भिंतीवर.

खर्च: पान आणि फ्रेम ४०, काच ३८, कापसाचा पुठ्ठा २२, टीपकागद १९, कोझोचे दोन ताव १४, मेथिलसेल्युलोज १२, स्टार्च ७, क्रेप रबर ६, भुकटी ५. एकूण १६३ युरो. पॉलिएस्टर, फेल्ट आणि पॅलेट नाईफ घरात होते. मेथिलसेल्युलोज आणि स्टार्च अजून दहा पानांना पुरेल. टीपकागद मात्र पहिल्यांदाच दुप्पट घ्या. मला कामाच्या मधोमध दुकान गाठावं लागलं, तोवर पान ओलं होतं.